‘घरगुती राहण्याची सोय’ – पण सोय कोणाची?

डिसेंबरच्या ओरल्स संपल्या की हॉस्टेलवर दोनच विषय उरतात. के.टी. कोणाकोणाला लागणार, आणि यंदाची ट्रिप कुठे न्यायची. पहिल्या विषयात आपले काही चालत नाही, म्हणून सगळा जोर दुसऱ्यावर निघतो. वह्यांच्या मागच्या पानांवर बजेट मांडले जाते, कुणाचा तरी मामा ट्रॅव्हल्सवाला निघतो, मेसच्या टेबलावर दोन पार्ट्या पडतात आणि शेवटी ठरते ते नेहमीचेच. स्विमिंग पूल, डीजे, ‘अनलिमिटेड’ जेवण आणि रात्री बारा वाजता मेन स्विच पाडणारा मॅनेजर. सोमवारी परत आलेल्या कुणालाही विचारा, "कुठे गेला होतात रे?" उत्तर येते, "रिसॉर्टला." गावाचे नाव चटकन कुणाला आठवत नाही!

माझे म्हणणे साधे आहे. आपण बाहेर राहायला जाऊ तेव्हा शक्य असेल तिथे घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या निवासात राहावे. याने ट्रिप स्वस्त होते हे खरे, पण ते कारण शेवटचे. खरे कारण असे की आपण कुठे राहतो यावर त्या गावात पुढे कोण राहणार हे थोडेफार ठरत असते. पटत नसेल तर पुढे वाचा. पटत असेल तरी वाचा, कारण या घरगुती सोयीबद्दल माझ्या तक्रारीसुद्धा आहेत.

आधी ही ‘घरगुती सोय’ म्हणजे काय ते बघू. कोकणात गेलेल्या प्रत्येकाने ती पाटी वाचलेली असते. पत्र्यावर लाल अक्षरे, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’, खाली फोन नंबर आणि एक बाण. बाणाच्या टोकाला चिऱ्याचे घर, अंगणात तुळस, मागे नारळी-पोफळी आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन-तीन खोल्या. सरकारी भाषेत याला ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची याच नावाची योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या चालतात आणि मुख्य अट अशी की मालकाने स्वतः त्याच घरात राहिले पाहिजे. ही अट नीट लक्षात ठेवा, सगळा मुद्दा तिच्यातच आहे. मालक घरात राहतो तोवर ते घर आहे. मालक गेला आणि मॅनेजर आला की ते लॉज झाले!

कोकणात हे कसे रुजले? कोकणाची एकेकाळची ओळख ‘मनीऑर्डरवर चालणारा मुलूख’ अशी होती. घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत नाहीतर गोदीत, गावाला आई-वडील आणि वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, भरणारे घर. एरवी निम्म्या खोल्यांना कुलूप. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पुण्या-मुंबईचा माणूस शनिवार-रविवारी खाली उतरू लागला. त्याला समुद्र हवा होता आणि जेवण हवे होते. इकडे खोल्या रिकाम्या होत्या आणि स्वयंपाकघर चालूच होते. गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर, तारकर्ली, असे एकेक गाव घेतले तर हेच दिसते. आधी आले ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे, आणि मग ती पाटी लागली. योजना, अनुदान, कर्ज या गोष्टी मागाहून आल्या. कुलपे आधी उघडली.

मागच्या वर्षी आम्ही आठ जण गुहागरच्या अलीकडच्या एका गावात असेच राहिलो. चिपळूण स्टेशनात उतरायचे, एस.टी. धरायची आणि फाट्यावरून चालत. पोचल्या पोचल्या काकूंचा पहिला प्रश्न, "रात्री जेवायला किती ताटं? आत्ताच सांगा हो, मागाहून भात कमी पडला म्हणू नका." हॉस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारलेला नाही! रात्री कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, पोह्याचा पापड, सोलकढी. आमच्यातल्या एकाने भात टाकला तर काकांनी नुसते ताटाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी कोणी टाकला नाही. सकाळी विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह बिघडला तेव्हा आमचे दोन मेकॅनिकलवाले आत उतरायला निघाले, तर काका म्हणाले, "तुम्ही थांबा. गावातला आहे, तो येईल. त्याचं काम आहे ते." तो आला, अर्ध्या तासात काम करून गेला. इंजिनिअरिंगच्या दोन सेमिस्टरचा अपमान झाला, पण पाणी आले.

त्या एका वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. "त्याचं काम आहे ते." आम्ही दिलेल्या पैशातून पंपवाल्याला पैसे मिळाले. अंडी शेजारच्या घरून आली होती, मासे बंदरावरून, नारळ परसातले. होडीवाला काकूंचा भाचा. फर्स्ट इयरला आपण फ्री बॉडी डायग्राम काढतो ना, तसाच पैशाचा एक डायग्राम काढून बघा. मोठ्या रिसॉर्टला आपण पैसे दिले की बाण बाहेर जातात. मालक शहरात, मॅनेजर दुसऱ्या राज्यातला, भाजी मोठ्या मार्केटमधून टेम्पोने, चिकन फ्रोझन. गावाच्या वाट्याला येतात गेटवरची आणि साफसफाईची कामे. घरगुती निवासात पैशाचे बाण गावातल्या गावात फिरतात आणि मग बाहेर पडतात.

समजा, आपण चाळीस जण आहोत आणि माणशी आठशे रुपये दिवसाला देतो. बत्तीस हजार झाले. हेच दहा-दहा जण चार घरांत वाटले तर एका घरात आठ हजार येतात. निम्मा खर्च धरला तरी एका दिवसाचे चार हजार रुपये हातात राहतात, आणि त्यासाठी त्या माणसाला जमीन विकावी लागत नाही. हा आकडा मी समजून चालण्यासाठी घेतला आहे, तुम्ही तुमचा घ्या. बाणांची दिशा बदलणार नाही.

आता कोकण सोडा आणि आपल्या दाराशी या. घोडबंदर रस्त्यावरचे चेणे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, कारण पहिल्या पावसाच्या रविवारी अर्धे हॉस्टेल तिथे असते. एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी आणि या चिमटीत गाव. डोंगरातून उतरणारी नदी गावाजवळून खाडीला मिळते. पुढे घोडबंदरचा किल्ला. तो पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. म्हणजे इतिहास आहे, नदी आहे, जंगल आहे, आणि हे सगळे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत! महापालिका २००२ साली झाली, आणि कागदावर चेणे शहरातच मोडते. पाड्यावर गेलात तर मात्र अजून कोंबड्या आडव्या येतात.

आपण चेण्याला काय करतो? बाईक लावतो, नदीत उतरतो, वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या तिथेच टाकतो, रस्त्यावर मक्याचे कणीस खातो आणि परत येतो. गावाशी आपला संबंध कणसाच्या वीस-तीस रुपयांपुरता. त्याच रस्त्याने जूनमध्ये पाड्यांवरच्या बायका शेवळी, टाकळा, बांबूचे कोंब घेऊन बसतात. शेवळीची भाजी करताना घशाला खाज सुटू नये म्हणून काकडं नावाची रानफळे घालावी लागतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या घरी आपण कधी जेवलेलो नाही, ही गोष्ट मला खटकते. पंधरा-वीस मिनिटांवरचे गाव आपल्याला नदी म्हणून माहीत आहे, घर म्हणून नाही.

घोडबंदर पट्ट्यात मागच्या तीस वर्षांत काय झाले ते बसच्या खिडकीतूनही दिसते. शेते गेली, टॉवर आले. जिथे टॉवर बसला नाही तिथे लॉन, बँक्वेट आणि फार्महाऊस. जमीन विकली तेव्हा पैसे मिळाले, गाडी आली, लग्ने झाली, पैसे संपले. आणि मग ज्याच्या बापाचे ते शेत होते तो त्याच जमिनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा. मी कुणाला नावे ठेवत नाही. भाताच्या एका पिकावर घर चालत नसेल तर माणूस काय करणार? पण ‘शेती नाहीतर विक्री’ या दोनच वाटा आहेत असे आपण का धरून चालतो? तिसरी वाट कोकणातल्या काकूंनी दाखवलेली आहे. जमीन आपली, घर आपले, आणि पाहुणा दोन दिवसांचा. मालकाने मालक राहायचे की वॉचमन व्हायचे, एवढा हा प्रश्न मोठा आहे.

चेण्यासारख्या जागेला तर दुसरा पर्याय शोभणारच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ साली इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. अशा झोनमध्ये जंगलाच्या अगदी कडेला मोठी नवी हॉटेले बांधण्यावर निर्बंध असतात, आणि ते योग्यच आहे. असलेल्या घराची एक खोली स्वच्छ करून पाहुण्याला देणे याला मात्र डोंगर फोडावा लागत नाही, बोअरवेलवर बोअरवेल मारावी लागत नाही.

शिवाय बिबट्याचा विषय आहे. नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, हे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. साखळी सरळ आहे. आपण उष्टे आणि कचरा टाकतो, त्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि मग पेपरात बातमी येते की बिबट्या ‘वस्तीत घुसला’. पाड्यावरच्या माणसाला ही साखळी पाठ आहे. वारली समाजात वाघोबाला देव मानतात, ठाणे-पालघर भागात त्याची ठाणी आहेत. रात्री अंगणात कुठवर जायचे, टॉर्च कसा धरायचा, मुलांना एकटे का सोडायचे नाही, हे तिथला माणूस आपल्याला एका वाक्यात सांगेल. दिवसभर नदीत दंगा करून जाणाऱ्याला ते कोण सांगणार? एक रात्र त्या घरात राहिलेला मुलगा सकाळी वेफर्सचे पाकीट नदीत टाकणार नाही, अशी माझी खात्री आहे. कारण ती नदी आता कुणाची तरी असते, आणि ते कोणीतरी आपल्याला नावाने ओळखत असते.

हा काही माझा एकट्याचा शोध नाही. जगात बऱ्याच ठिकाणी हा विचार होऊन गेला आहे. इटलीने १९८५ साली ‘अ‍ॅग्रीतुरिझ्मो’चा कायदा केला. शेतकरी पाहुणे ठेवू शकतो, पण त्याचा मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, अशी त्यातली अट. किती साधी आणि किती शहाणी अट आहे बघा! मेक्सिकोच्या ग्रामीण भागात ‘पोसादा’ म्हणतात अशी छोटी, घरच्या माणसांनी चालवलेली हॉटेले असतात. तिथल्या ओआहाका राज्यातल्या डोंगरात झापोटेक लोकांची आठ गावे तर एकत्र येऊन पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या आणि वाटाडे पुरवतात. जंगल गावांच्या सामायिक मालकीचे आणि पर्यटनाचा कारभारही सामायिक. त्या भागात गावकामासाठी प्रत्येकाने श्रमदान करायची ‘तेकियो’ नावाची जुनी रीत आहे. आपल्याकडे गावजत्रेला वर्गणी आणि मंडप जसा उभा राहतो, तसे समजा.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातले पुरुषवाडी हे गाव जूनमधल्या काजव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पाहुणे गावातल्या वेगवेगळ्या घरांत वाटून जेवतात, त्यामुळे एकाच घराची चांदी आणि बाकीच्यांची बघ्याची भूमिका असे होत नाही. हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, कळसूबाईखालच्या बारीत, रतनगडाखालच्या रतनवाडीत ट्रेकर मंडळी गावातल्या घरांत जेवतात, मुक्काम करतात. बारामती भागात २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची सुरुवात केली आणि २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणच जाहीर केले.

मात्र चेण्याच्या पाड्यासाठी ही धोरणे पुरी पडत नाहीत. कृषी पर्यटन केंद्राला किमान एक एकर शेती लागते. पाड्यावर अनेकांकडे तेवढी नावावरची जमीन कुठून येणार? वन हक्क कायदा २००६ साली झाला, पण कागद हातात पडेपर्यंत एक पिढी जाते. ज्याच्या घराचा उताराच त्याच्या नावावर नाही त्याने नोंदणीचा फॉर्म कसा भरायचा? पाहुणा ठेवण्याचा हक्क सातबाऱ्यावर अवलंबून असेल तर ज्याला सर्वात जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. सरकारला खरेच काही करायचे असेल तर पाड्यांवर बचत गटाच्या नावाने नोंदणी करू द्यावी. गट जबाबदार, घरे पाळीपाळीने.

आता तक्रारी. ‘घरगुती’ या शब्दात सगळे गोडच आहे असे समजू नका.

पहिली तक्रार, स्वच्छतागृहे. काही ठिकाणी खरोखर वाईट असतात. यावर उपाय आहे आणि तो आपल्याच सिलॅबसमध्ये आहे, त्याकडे शेवटी येतो.

दुसरी, बायकांचे कष्ट. पहाटे चारला उठून नारळ खवणारी, भाकऱ्या थापणारी, चादरी धुणारी बाई, आणि बिल घेऊन पैसे मोजणारा पुरुष, हे चित्र मी पाहिलेले आहे. आधी चार माणसांचा स्वयंपाक होता, आता सोळा माणसांचा झाला आणि त्याला आपण ‘घरगुती चव’ म्हणून टाळ्या देतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचे पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. चांगले आहे. पण घरातल्या घरात हिशेब कोणाच्या हातात जातो हे धोरणाला दिसत नाही. निदान आपण एवढे करू शकतो, पैसे देताना ते जिने रांधले तिच्या हातात द्यायचे. काका रागावतील, रागावू देत.

तिसरी तक्रार सर्वात कडू आहे. एका गावात आम्ही फोन करून खोल्या आहेत का विचारले. समोरून पहिला प्रश्न, "आडनाव काय?" बुकिंग करणाऱ्या मित्राने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. माझे आडनाव ऐकल्यावर खोल्या निघाल्या! आम्ही तिथे गेलो नाही. घर आमचे, कुणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू, असे म्हणणारे भेटतात. त्यांना एकच सांगणे आहे. रस्त्यावर पाटी लावून पैसे घेतलेत की ते नुसते घर राहत नाही. हॉटेलात, दुकानात, सार्वजनिक खानावळीत जात-धर्म पाहून कुणाला अडवता येणार नाही, हे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात लिहून ठेवले आहे. ज्या घराला पाहुण्याचे आडनाव लागते त्या घराची सोय मला नको, मग मोदक कितीही मऊ असोत.

आणि हाच प्रश्न उलटा करून स्वतःलाही विचारा. कोकणातल्या चौसोपी घरात केळीच्या पानावर जेवायला आपण सगळे तयार आहोत. चेण्याच्या पाड्यावर, कुडाच्या घरात, जमिनीवर बसून नाचणीची भाकरी आणि शेवळीची भाजी खायला आपल्यातले किती जण येतील? "पाणी बिसलेरीच हं," असे कोण कोण म्हणेल? घराने आपल्याला निवडू नये असे म्हणायचे आणि आपण मात्र घरे निवडायची, हे चालणार नाही.

चौथी तक्रार आपल्या विरुद्ध आहे. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी हॉस्टेलच्या प्रत्येक मुलाच्या मानगुटीवर बसलेली आहे. आठ मुलगे दिसले की खोल्या ‘फुल्ल’. राग येतो. पण काकूंच्या बाजूने बघा. आधीच्या ग्रुपने रात्री दोनपर्यंत गाणी लावली, मागच्या अंगणात बाटल्या फोडल्या, सकाळी त्या नातवाच्या पायात गेल्या. असे एकदा झाले की ती बाई पाटी लावणारच. तिच्याकडे बाउन्सर नाही, सी.सी.टी.व्ही. नाही. तिच्याकडे पाटी आहे. ती पाटी काढायची असेल तर ती आपणच आपल्या वागण्याने काढू शकतो.

म्हणून माझ्यापुरते काही नियम केले आहेत, पटले तर घ्या. ताटांची संख्या आदल्या दिवशी सांगायची आणि कुणी गळला तरी पैसे पूर्ण द्यायचे. घासाघीस करायची नाही. मॉलमध्ये आपण करत नाही, मग इथेच का? घरात आणि अंगणात दारू नाही. दहानंतर आवाज नाही. स्वतःचे ताट स्वतः उचलायचे. प्लास्टिक आपल्या सॅकमधून परत आणायचे. निघताना त्या घराचा फोन नंबर लिहून घ्यायचा आणि पुढच्या बॅचला द्यायचा.

आता सरांसाठी आणि मॅडमसाठी चार ओळी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी गावच्या शाळेत भरते, जेवणाचा आचारी शहरातून जातो आणि किराणाही शहरातून जातो. गावासाठी शिबिर, आणि गावाला त्यातून एक रुपया नाही! पुढच्या वर्षी आचाऱ्याचे पैसे पाच-सहा घरांत वाटा. मुले गटागटाने त्या घरांत जेवतील. सात दिवस रोज त्या घरात जेवल्यावर जे कळते ते भिंतीवर ‘झाडे लावा झाडे जगवा’ रंगवून कळत नाही.

सिव्हिल विभागाला विनंती अशी की बी.ई. प्रोजेक्टचे विषय दरवर्षी तेच ते येतात. एखाद्या ग्रुपला चेण्याच्या पाड्याचा विषय द्या. पाच माणसांच्या घरात शनिवार-रविवारी दहा माणसे आली तर सेप्टिक टँकवर काय ताण येतो, शोषखड्डा कुठे घ्यायचा म्हणजे घाण पाणी नदीत उतरणार नाही, पावसाळ्यात भूजल वर आल्यावर काय करायचे, कमी खर्चात स्वच्छ संडास-न्हाणीघर कसे बांधायचे. हे सगळे पुस्तकात आहे, फक्त पुस्तक पाड्यावर गेलेले नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांनी अंगणातले दिवे बघावेत, कॉम्प्युटरवाल्यांनी बुकिंगचा साधा तक्ता करून बचत गटाच्या ताईंना शिकवावा. पण आधी त्यांना विचारावे की हे तुम्हाला हवे आहे का? कदाचित त्या नको म्हणतील. रोज अनोळखी पोरे घरात नकोत असे कुणाला वाटले तर तोही त्यांचा हक्क आहे, आणि ते उत्तर आपण मुकाट्याने घ्यायला हवे.

"एवढे सगळे एका ट्रिपसाठी?" असे कोणी म्हणेल. हो, एका ट्रिपसाठीच. आपल्या हातात धोरण नाही, जमीन नाही, महापालिका नाही. माणशी आठशे रुपये आणि दोन दिवस आहेत. पण आपल्या हॉस्टेलवर दरवर्षी नवी बॅच येते, दरवर्षी ट्रिप निघते आणि प्रत्येक वेळी ते पैसे कुठेतरी जातातच. ते कुठे जावेत हे ठरवायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

यंदाच्या ट्रिप कमिटीची मीटिंग पहिल्या टर्मलाच घ्या, डिसेंबरची वाट बघू नका. चाळीस जणांना चार घरे शोधायची तर फोन करायला वेळ लागतो. माझ्या वहीत सात नंबर आहेत. आडनाव विचारणारा आठवा नंबर मी खोडून टाकला आहे.

– टी.ई. (सिव्हिल)